नोकरी सांभाळून पाच-सहा गोष्टी शिकायच्या तर : फडाचं वेळापत्रक

इंग्रजी बोलणं सुधारायचंय. एक्सेल नीट यायला हवं. घरच्या जुन्या दप्तरात मोडी लिपीतले कागद पडलेत, ते वाचायचेत. शाळेत सुटलेला तबला पुन्हा धरायचाय. शेतातल्या ठिबकला टायमर बसवायचा तर थोडं इलेक्ट्रॉनिक्सही लागेल. अशी यादी खिशात घेऊन फिरणारी माणसं जळगावच्या एमआयडीसीत, धुळ्याच्या बँकेत, भुसावळच्या रेल्वेत, शहाद्याच्या शाळेत सगळीकडे आहेत. पाडव्याला ती वेळापत्रक करतात: रोज प्रत्येक विषयाला अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात कुणाचं तरी लग्न निघतं नाहीतर ओव्हरटाइम येतो, आणि वेळापत्रक भिंतीवरच राहतं.

दोष आळसाचा नाही, वाटणीचा आहे. अर्ध्या तासातली आठ-दहा मिनिटं ‘काल कुठे थांबलो होतो’ हे आठवण्यातच जातात. पाच विषय म्हणजे रोज पाऊण तास नुसतं दार उघडण्यात गेला. पाण्याचा पाट पाच वावरांत एकाच वेळी फोडला की शेवटच्या वाफ्यापर्यंत ओल पोचत नाही, तसं हे.

खान्देशात यावर जुना तोडगा आहे. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर बंधारे घालून काही शतकांपासून फड पद्धतीने शेती होत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं, उसासारखं बारमाही पीक एकाच फडात, बाकीच्यांत हंगामी. यंदा पाणी कमी दिसलं तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे पेरणीआधी ठरतं, पीक सुकायला लागल्यावर नाही. बहुतेकांची जमीन एकाहून जास्त फडांत असल्याने तोटाही वाटून जातो. शिकण्याच्या वेळेलाही हीच मांडणी लावायची: एक बारमाही फड, दोन हंगामी, बाकी सगळे पडीक. कसं ते आता पायरीने पाहू.

पायरी १. आधी बंधाऱ्यात पाणी किती ते मोजा

सात दिवस काहीही नवं शिकू नका. एक छोटी डायरी खिशात ठेवा आणि दर तीन तासांनी मागच्या तीन तासांत काय केलं ते एका ओळीत लिहा. मोबाइलवर लिहू नका, कारण लिहायला उघडला की वीस मिनिटं जातात आणि ती डायरीत येत नाहीत.

भुसावळला राहून जळगावला नोकरी करणाऱ्याचा हिशोब धरू. आठवड्याचे १६८ तास. झोप रोज सात, म्हणजे ४९. सहा दिवस आठ-आठ तासांची नोकरी, ४८. स्टेशन गाठणं, गाडीची वाट, प्रवास, तिथून कंपनी, असं जाऊन-येऊन रोज दोन तास, म्हणजे १२. आंघोळ, जेवण, चहा रोज तीन तास, २१. बाजार, पोरांचा अभ्यास, आईबापांचा दवाखाना, गॅस-किराणा १८. उरले २०. नवखा इथे खूश होतो आणि वीस तासांचं वेळापत्रक करतो. पण या वीस तासांत शेजारी बसायला येतो, लाइट जाते, डोकं दुखतं, आणि रात्री साडेनऊनंतरचा अर्धा वेळ डोळे उघडे असूनही मेंदू बंद असतो. डायरीत ज्या तासांपुढे ‘ताजा’ असं मनापासून लिहिता येईल ते नऊ-दहाच निघतील. त्यातलेही दोन तृतीयांशच वापरायला धरा, म्हणजे सहा तास. बाकीचे आल्या-गेल्याचे.

सहा तास ऐकून निराश होऊ नका. नऊ आठवड्यांच्या हंगामात ते ५४ होतात, आणि त्यातले निम्मेही नीट लागले तर मोडीचा छापील उतारा वाचता येतो.

मोजताना वेळेची जातही लिहा. ताजा वेळ म्हणजे बसून, कागद-पेन घेऊन, अवघड गोष्ट करण्याचा. कानाचा वेळ म्हणजे गाडीत बसलेला, किंवा घरी पोळ्या करताना, कपडे वाळत घालतानाचा. हाताचा वेळ म्हणजे डोकं थकलंय पण हात चालतात तो: कार्डं कापणं, वही आखणं, सोल्डरिंगची वायर सोलणं. भुसावळ-जळगाव पंचवीसेक किलोमीटरचा पॅसेंजरचा प्रवास कानाचा म्हणूनच धरा. जागा मिळाली आणि वाचता आलं तर तो नफा. मोटारसायकलवरचा वेळ कशातच धरू नका. हायवेला कानात इअरफोन घालून इंग्रजी ऐकणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

पायरी २. यादी कामाच्या भाषेत लिहा

‘मोडी शिकायची’ हे वाक्य वहीत नको, कारण ते कधी संपतच नाही. ‘दप्तरातलं एक खरेदीखत वाचून त्याचं देवनागरीत लिप्यंतर करणं’ हे लिहा. ‘इंग्रजी’ऐवजी ‘ग्राहकाच्या फोनवर पाच मिनिटं न अडखळता माल का उशिरा निघाला ते सांगणं’. ‘एक्सेल’ऐवजी ‘महिन्याचा हजेरी-पगार तक्ता सूत्रांनी आपोआप येणं’. ‘तबला’ऐवजी ‘भजनी मंडळात एक अभंग साथ करणं’. ज्या आवडीसाठी असं वाक्य सुचतच नाही ती अजून आवड आहे, काम झालेलं नाही. तिला पडीक फडात टाका. त्यात कमीपणा काही नाही.

प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी लिहा: कुणाला विचारता येईल, साहित्य हाताशी आहे का, आणि ती ऋतूला बांधलेली आहे का. तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक जण बघतच नाहीत. पक्षी ओळखायला शिकायचं तर हतनूर धरणावर स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. मे महिन्यात सुरू करून काय बघणार? कलमं बांधायला पावसाळा, आकाश बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या स्वच्छ रात्री. सातपुड्याच्या पायथ्याला पाल किंवा यावलच्या बाजूला शहराचे दिवे मागे पडले की उघड्या डोळ्यांनी आकाशगंगा दिसते, त्यासाठी दुर्बीण लागत नाही.

पायरी ३. फड पाडा

*बारमाही फड, एकच.* इथे अशी गोष्ट येते जी चार दिवस सोडली की गंजते: भाषा, वाद्य, गाणं, टायपिंग. रोज वीस मिनिटं, आठवड्यात सहा दिवस, वर्षभर. वीसच का? कारण बारमाही फडाचं खरं पीक सवय आहे. पाऊण तास ठरवला तर दमलेल्या दिवशी ‘आज राहू दे’ होतं. वीस मिनिटांना सबब सापडत नाही.

तबला बारमाहीत घेतला तर एक व्यवहाराची गोष्ट. पहाटे पाचला चाळीत तबला वाजवता येत नाही. पहाटे ठेका नुसता म्हणायचा: तीनतालाच्या सोळा मात्रा, ‘धा धिं धिं धा’पासून, हाताने टाळी-खाली धरत, मिनिटाला साठच्या लयीत. मोबाइलवर फुकट मेट्रोनोम मिळतात. वाजवणं संध्याकाळी सातच्या आत. पंधरा दिवस साठवर स्वच्छ आल्याशिवाय सत्तरवर जायचं नाही. घाई केली की तिसऱ्या-चौथ्या विभागात बोल घसरतात, आणि ती घसरण हातात बसली की काढायला बसवण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

*हंगामी फड, जास्तीत जास्त दोन.* नऊ-दहा आठवडे. एक डोक्याचा, एक हाताचा. दोन्ही डोक्याचे घेतले, समजा एक्सेल आणि इलेक्ट्रॉनिक्सचं गणित, तर दोघे एकाच ताज्या तासावर हक्क सांगतात आणि अवघड असेल तो हरतो. मोडी आणि सोल्डरिंग, किंवा हिशोबशास्त्र आणि पक्षी, ही जोडी जमते.

*पडीक फड.* बाकी सगळं. पडीक म्हणजे टाकून दिलेलं नव्हे, त्यावर गवत वाढू द्यायचं. एका वेगळ्या वहीत प्रत्येक पडीक विषयाला एक पान द्या. व्हिडिओचं नाव, पुस्तकाचं नाव, कुणी सांगितलेला माणूस, जे सापडेल ते त्या पानावर लिहायचं आणि वही मिटायची. अभ्यास करायचा नाही. निम्मी माणसं नेमकी इथेच घसरतात. ‘फक्त दहा मिनिटं बघतो’ म्हणून पडीक फडात पाणी सोडतात आणि हंगामी पीक करपतं.

पायरी ४. हंगाम खान्देशच्या पंचांगाने लावा

पुण्या-मुंबईच्या लेखांत ‘तिमाही’ असते. इथलं वर्ष तसं चालत नाही.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हंगाम घ्यायचाच नाही. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, लगीनसराई असते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर भरलेलं असतं. या काळात फक्त बारमाही, तोही पहाटे पाच ते सहा गच्चीवर. दुपारी काही शिकायला जाऊ नका, काही डोक्यात शिरत नाही.

पहिला हंगाम जुलैच्या सुरुवातीपासून गणपतीपर्यंत. नागपंचमीनंतर कानबाईचा सण येतो, सगळे भाऊबंद एकत्र जमतात. तो आठवडा आधीच कोरा सोडा. दुसरा दिवाळी आवरल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. हा वर्षातला सर्वांत कसदार काळ: थंडी, लवकर अंधार, डोकं ताजं. घरची कापसाची वेचणी असेल त्यांनी मात्र दोनऐवजी एकच हंगामी फड धरावा. भरिताच्या पार्ट्या होणारच, त्या रविवारी संध्याकाळी असतात, म्हणून रविवारचा अभ्यास सकाळी. तिसरा हंगाम फेब्रुवारीपासून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. बँक, पतपेढी, सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी हा सोडून द्यावा. मार्चएंडला अभ्यासाची आशा धरून उगाच अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही.

वर्षात तीन हंगाम, हंगामाला दोन विषय, म्हणजे सहा. खिशातली यादी बहुधा एवढीच असते.

पायरी ५. आठवडा आखा

वरच्या भुसावळच्या माणसाचे सहा तास असे बसतात. बारमाही इंग्रजी रोज वीस मिनिटं, सहा दिवस: दोन तास. मोडी मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे पन्नास-पन्नास मिनिटं: अडीच तास. ठिबकचं इलेक्ट्रॉनिक्स रविवारी सकाळी एक सलग दीड तास, कारण वायरी-पाने काढायला आणि आवरायलाच वीस मिनिटं लागतात, ते तुकड्यात होत नाही. झाले सहा. सोमवार, बुधवार, शुक्रवार मोकळे दिसतात ते मुद्दाम. मंगळवार हुकला तर बुधवार आहे. बुधवारही हुकला तर तो पाठ गेला, शनिवारवर लादायचा नाही.

ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांनी घड्याळाची वेळ ठरवू नये. ‘उठल्यावर तासाभराने’, ‘कामावर निघण्याआधी’ असं लिहावं. पहिल्या पाळीला ते दुपारी झोपून उठल्यानंतर येतं, दुसऱ्या पाळीला सकाळी, रातपाळीला संध्याकाळी पाचला. तीन पाळ्यांची तीन कार्डं करून गोदरेजच्या कपाटाला आतून चिकटवा. रातपाळीच्या आठवड्यात नवं काही घ्यायचं नाही, फक्त उजळणी. आणि पाळी बदलते त्या दिवशी सुट्टी.

पन्नास मिनिटं आतून कशी असतात

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे.

पहिली पाच मिनिटं पुस्तक मिटलेलं. कोऱ्या कागदावर मागच्या वेळचं जे आठवतं ते लिहा. थोडंच आठवेल, ते बरोबरच आहे. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा मिटून आठवण्याने ते जास्त टिकतं. मग तीस मिनिटं नवं. मग दहा मिनिटं त्यावर हाताने काहीतरी: मोडीच्या तीन ओळी, एक्सेलचं एक सूत्र, एक सर्किट. शेवटची पाच मिनिटं दोन कामांना. एक, चार-सहा प्रश्नकार्डं लिहायची. दुसरं, वहीत ‘पुढची ओळ’ लिहायची.

पुढची ओळ म्हणजे पुढच्या वेळी बसल्या-बसल्या करायची पहिली हालचाल, इतकी बारीक की विचार करावा लागू नये. ‘मोडी चालू’ ही पुढची ओळ नव्हे. ‘पान ३४, चौथी ओळ, तिसरा शब्द अडलाय, मागच्या तक्त्यात त-न-र पुन्हा बघ’ ही आहे. दार उघडायला जाणारी ती आठ-दहा मिनिटं या एका ओळीने दोनवर येतात. ती न लिहिता उठायचं नाही, गाडी चुकत असली तरी.

मोडीचं उदाहरण घेतलंच आहे तर नऊ आठवडे कसे जातात तेही सांगून टाकू. पहिले दोन आठवडे अक्षरं. मोडीत आधी डोक्यावरची रेघ आखतात आणि हात न उचलता अक्षरं खाली लोंबवत नेतात. म्हणून अक्षरं सुटी न गिरवता पहिल्यापासून दोन-दोन, तीन-तीन जोडून गिरवा. तिसरा-चौथा आठवडा छापील मोडीचा. पाचव्यापासून हस्तलिखित. इथे नवखा हबकतो, कारण शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि नेहमीचे शब्द अर्धेच लिहून सोडलेले असतात. यावर उपाय अक्षरं जास्त गिरवणं हा नाही, मजकुराचा साचा पाठ करणं हा आहे. खरेदीखताची सुरुवात, सन, कसबे-मौजे-परगणा, साक्षीदार, हे ठरलेल्या क्रमाने येतात. साचा माहीत असला की अर्धं अक्षर लागतं. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ हे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने उभं राहिलं. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. जुने कागद कसे जपतात, कसे वाचतात हे बघायला तिथे एकदा जरूर जा. आपला मूळ दस्त मात्र बरोबर हिंडवू नका, फोटो काढून न्या.

कार्डं : लग्नपत्रिकांचा उपयोग

लगीनसराईत घरात पन्नास पत्रिका येतात. जाड कागदाची कोरी बाजू बघून त्या कापा, पत्त्याच्या आकाराची कार्डं होतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर.

मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे पडदे लावून पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दर दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा दिवसांनी. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात, कितीही पुढे गेलेलं असो. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये ही खोक्याची रीत मांडली. त्यामागचं निरीक्षण मात्र त्याहून जुनं आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरसमूह स्वतःच पाठ करून १८८५ मध्ये दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि पुढे मंदावतं. म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांतली उजळणी सर्वांत मोलाची. मोबाइलवर हेच काम ‘अँकी’ नावाचं अ‍ॅप करतं, अँड्रॉइडवर फुकट. ज्यांना मोबाइल उघडला की बाकीचं दिसू लागतं त्यांनी खोकंच वापरावं.

कार्ड लिहिण्यात एकच चूक वारंवार होते: एका कार्डात धडा कोंबणं. ‘ठिबक म्हणजे काय?’ हे वाईट कार्ड, त्याला दहा उत्तरं आहेत आणि बरोबर-चूक ठरत नाही. ‘४० मीटर लॅटरल (ठिबकची नळी), ड्रिपर दर ४० सेंटिमीटरला, ताशी ४ लिटरचे, तासाला पाणी किती?’ हे चांगलं कार्ड. उत्तर: १०० ड्रिपर, ४०० लिटर. दुसरं कार्ड वेगळं: ‘लॅटरल फार लांब केली तर शेवटच्या झाडाला पाणी कमी का?’ उत्तर: नळीत दाब कमी होत जातो.

दिवसाला आठपेक्षा जास्त नवी कार्डं नकोत. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज तीस लिहिली की तिसऱ्या आठवड्यात रोज दीडशे कार्डं समोर येतात, आणि खोकं कपाटावर जातं. उजळणी दहा मिनिटांच्या आत संपली पाहिजे. गाडीत, रांगेत, चहा उकळेपर्यंत. ताज्या वेळेतून तिला वाटा द्यायचा नाही.

साहित्य कुठून

आधी वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, आणि तालुक्या-गावांत अनुदानित वाचनालयं आहेत. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय ही मोठी नावं. अमळनेरात तत्त्वज्ञानाची आवड असलेल्याला तर १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर आहे. अनामत आणि महिन्याची थोडकी वर्गणी भरली की पुस्तक घरी येतं, आणि परत करायची तारीख असल्यामुळे ते वाचूनही होतं. विकत घेतलेल्या पुस्तकाला तारीख नसते.

एका हंगामी विषयाला एक मुख्य साधन आणि एक अडल्यावर बघायचं, बस्स. तिसरं शोधायला लागलात तर समजा की पहिल्यातलं अवघड प्रकरण आलंय आणि त्यातून पळवाट चाललीय.

तांत्रिक विषयाला ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम उत्तम आहेत. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात. बघणं फुकट, प्रमाणपत्र हवं तर केंद्रावर जाऊन परीक्षा आणि विषयाला साधारण हजार रुपये फी. अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैत सुरू होतात, चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे. नोकरदाराने पहिल्यांदा बाराचा घेऊ नये. जुलैचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम गणपती-नवरात्रावर आदळतो, जानेवारीचा मार्चएंडवर. आठचा घ्या. गुणांत स्वाध्यायाला २५ आणि परीक्षेला ७५ असतात, आणि दोन्हीकडे वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं: स्वाध्यायात २५ पैकी १०, परीक्षेत ७५ पैकी ३०. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठपैकी सर्वोत्तम सहा स्वाध्याय धरतात, म्हणजे दोन आठवडे हुकले तरी चालतं. कानबाई आणि एखादं लग्न बसतं त्यात.

पदवीच हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पण पदवी हा वेगळा हिशोब. ती घेतलीत तर दोन्ही हंगामी फड तिलाच द्यावे लागतील.

व्हिडिओ बघताना दर दहा मिनिटांनी थांबवून दोन ओळी लिहा. तासभर सलग पाहिलं की समजल्यासारखं वाटतं, हात मात्र कोराच राहतो. पहिल्या हंगामात विषयाला पाचशे रुपयांच्या वर खर्च नको. तबला भाड्याने किंवा मंडळाचा, दुर्बीण मित्राची. आपली घ्यायची वेळ आलीच तर पक्ष्यांसाठी ८ गुणिले ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. त्याहून मोठी घेतली की हात थरथरतो आणि पक्षी सापडत नाही. ठिबकच्या प्रयोगाला १२ किंवा २४ व्होल्टच्या आतच राहा. मोटरच्या थ्री-फेज स्टार्टरला स्वतः हात लावायचा नाही, तिथे वायरमनच.

दोन आवडींचं एक पीक

आवडी खूप असल्याचा हाच फायदा, आणि तो कुणी घेत नाही. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. इतिहास, गणित आणि जुनी लिपी अशा तीन आवडी असणाऱ्याने त्यावर चार पानांची टिपणी केली तर तिन्हींचं काम एकात होतं. पक्षी आणि एक्सेल असेल तर हतनूरच्या नोंदींचा तक्ता करा. अहिराणी म्हणी गोळा करायच्यात आणि ध्वनिसंकलन शिकायचंय? आजीला बोलतं करा, ‘ऑडॅसिटी’त साफ करा. फक्त ही जोड हंगामाच्या सुरुवातीला ठरवा. मधेच सुचली तर पडीक वहीत.

काय बिघडतं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो. सोपं संपलेलं असतं आणि अवघड अजून आपलं झालेलं नसतं. नवी आवड नेमकी याच वेळी डोळा मारते. तिचं पान उघडा, तारीख घाला, बंद करा. हंगाम संपेपर्यंत ती टिकली तर खरी.

आठ दिवस खंड पडला, पाहुणे आले, ताप आला, तर परत येताना निम्म्याने या: पन्नासऐवजी पंचवीस मिनिटं, एक आठवडा, आणि पहिले दोन दिवस फक्त कार्डं. राहिलेलं भरून काढायला दोन-दोन तास बसणारा चौथ्या दिवशी कायमचा उठतो.

घरचे कुरकुरतात तेव्हा बहुतेकदा ते बरोबर असतात. वेळापत्रक भिंतीवर लावण्याआधी घरात दाखवा. पहाटेचा तास मागितला तर सहसा मिळतो, संध्याकाळी सात ते नऊ मागितला तर भांडण ठरलेलं. नवरा-बायको दोघंही शिकणारे असतील तर रविवार सकाळ एकाची, शनिवार संध्याकाळ दुसऱ्याची, आणि त्या वेळी पोरं-स्वयंपाक समोरच्याकडे. बाईने शिकायचं ठरवलं की तिचा तास सगळ्यांची कामं आटोपून उरलेला असतो. तो तास ताजा नसतो, आणि मग ‘हिला जमत नाही’ म्हणतात.

ऑफिसात आधीच सांगून मोकळं होऊ नका. कौतुक आगाऊ मिळालं की कामाची ओढ निम्मी होते, शिवाय साहेब एक्सेलचं सगळं काम तुमच्याकडे ढकलतात.

हंगामाचा शेवटचा आठवडा

शेवटच्या आठवड्यात नवं काही नाही. पायरी २मध्ये लिहिलेलं वाक्य काढा आणि ते करून बघा: दस्त वाचा, फोन करा, अभंगाला साथ द्या, व्हॉल्व्ह टायमरने उघडतो का ते शेतात जाऊन पाहा. झालं तर उत्तम. अर्धवट झालं तर किती झालं ते आकड्यात लिहा: वीस ओळींपैकी चौदा लागल्या.

मग तीनपैकी एक ठरवा. हाच विषय अजून एक हंगाम, पण सलग दोनाच्या वर नाही, जमिनीचा कस जातो. किंवा हा बारमाहीत, आणि सध्याचा बारमाही बाहेर. किंवा पडीक.

पडीक टाकताना वही तशीच बंद करू नका. शेवटच्या पानावर चार गोष्टी लिहा: मला आता काय येतं, कुठे अडलं, साहित्य कुणाकडे किंवा कुठल्या कपाटात आहे, आणि पुन्हा सुरू केलं तर पहिल्या तीन दिवसांत काय करायचं. पाचव्या कप्प्यात पोचलेली कार्डं रबर लावून त्याच पानाला अडकवा आणि महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, तेवढी चाळा. मग दहा दिवस पूर्ण सुट्टी घ्या, बारमाही सोडून. पुढच्या हंगामाचे दोन फड कुठले ते या दहा दिवसांत सुचू लागतं. पडीक वहीतल्या ज्या पानावर सर्वांत जास्त तारखा पडल्यात, तिथून सुरुवात करा.